आधी माणसं जोडा, नोंदणी नंतर: गावात हक्कांचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावचे सहा पदवीधर तरुण आहेत, त्यांत दोन मुली. गावच्या गायरानावर, म्हणजे गुरं चारायला राखलेल्या सरकारी जमिनीवर, दलित आणि पारधी कुटुंबं वर्षानुवर्षं वहिती करतात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. या सहा जणांना मानवी हक्क आणि गावविकास या दोन्हींवर काम करायचं आहे. ते विचारतात: संस्था नोंदवावी का, सुरुवात कुठून करावी, हक्कांपासून की विकासापासून, पैसा कुठून येईल, आणि गावातल्या मोठ्या घरांशी वैर न घेता हे जमेल का?

अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यात गायरानधारक, ऊसतोड मजूर आणि एकल महिला यांच्यासोबत मी बरीच वर्षं काम करते आहे. तुमच्या क्रमानं उत्तर देत नाही, कारण नोंदणीचा प्रश्न तुम्ही पहिला ठेवला आहे आणि माझ्या मते तो शेवटी यायला हवा. पहिलं वर्षभर संस्था काढू नका. एक प्रश्न धरा, त्या प्रश्नाची माणसं एकत्र बसवा, आणि त्यांच्या हक्काचा कागद त्यांच्या हातात पडेपर्यंत तो प्रश्न सोडू नका. नोंदणी झाली की अध्यक्ष कोण, सचिव कोण, लेटरहेड कसं यातच सहा महिने जातात. मैत्री तिथेच तुटते आणि गाव म्हणतं, पोरांनी दुकान टाकलं.

आपल्याकडची टिकलेली कामं बघा. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये अंबाजोगाईत मानवलोक सुरू केलं, तेव्हा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं गावागावांत होती. तिथून पाण्याचं आणि कोरडवाहू शेतीचं काम उभं राहिलं, आणि शैला लोहियांनी मनस्विनीमधून टाकून दिलेल्या, छळ सोसणाऱ्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. एकनाथ आवाड यांनी १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभं केलं. त्याच्या आधी १९७८ होऊन गेलं होतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावच्या बायकांना पुढे आणलं. पुढे त्याच बायकांनी बचत गट चालवले, शेतीत काय पेरायचं हे ठरवू लागल्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, तयार केल्या. या प्रत्येक ठिकाणी आधी गावचं एक दुखणं होतं आणि तिथेच राहणारी माणसं होती. आज त्यांच्या कार्यालयांच्या इमारती दिसतात, त्या नंतर आल्या.

तुमच्या गावात दुखणं समोरच आहे. गायरानापासून सुरू करा.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. निजामाच्या राज्यात देशमुख, इनामदार, जहागीरदार यांच्याकडे जमीन होती. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर १९५० चा कूळ कायदा झाला आणि बऱ्याच कुळांना जमिनी मिळाल्या. पण सालगडी कूळ नव्हता. ज्याच्या बापानं आणि आज्यानं दुसऱ्याचं रान आयुष्यभर कसलं, त्याचं नाव कुठल्याही नोंदवहीत नव्हतं. त्यामुळे कायदा त्याच्या दारावरून पुढे गेला. म्हणून भूमिहीनांनी गायरान फोडलं. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांत इथली माणसं तुरुंगात गेली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी सरकारी जमिनीवर शेतीसाठी केलेलं अतिक्रमण नियमित करावं, असं त्यात म्हटलं आहे. मराठवाड्यातलं गायरानाचं सगळं काम या एका निर्णयाभोवती फिरतं. त्याची प्रत मिळवा आणि सहाही जणांनी ती वाचून काढा.

आता काम म्हणजे काय करायचं? वस्तीवर जाऊन घरटी एक वही करा. कोण कसतं, कधीपासून, किती, चतुःसीमा काय, बांधावर कोणाचं रान. मग पुरावे गोळा करायला बसा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तिच्यात नाव असेल तर निम्मं काम झालं. पुष्कळदा नसतं, किंवा एखाद्या वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी गायब आहे. तेव्हा जुन्या पंचनाम्याच्या नकला, पीकपाहणीच्या नोंदी आणि दंडाच्या पावत्या लागतात.

पावत्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच नवी मुलं घाई करतात. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही कागद तपासत होतो. एक आजी म्हणाल्या, माझ्याकडे काही नाही बाई. वस्तीवरच्या दुसऱ्या बाईनं त्यांना पत्र्याची पेटी उघडायला लावली. लुगड्याच्या घडीखाली खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या होत्या. नवरा हयात असताना तलाठ्यानं अतिक्रमणाचा दंड घेऊन फाडून दिलेल्या. शाई फिकी झालेली, पण सर्व्हे नंबर, साल आणि सही वाचता येत होती, आणि साल १९९० च्या आधीचं होतं. आजींना वाटत होतं, ही शिक्षेची चिठ्ठी आहे, कोणी पाहिली तर पुन्हा दंड बसेल. दंड भरला याचा अर्थ त्या वर्षी जमीन ताब्यात होती, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. पोलीस केसचंही तसंच आहे. गायरानात नांगर घातला म्हणून ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांच्यासाठी त्या गुन्ह्याची नक्कल हा ताब्याचा पक्का पुरावा ठरतो. म्हणून वस्तीवर ‘कागद आहेत का’ असं विचारू नका. ‘दंड कधी भरला, तहसीलला कधी बोलावलं होतं, ठाण्यात कोणाला नेलं होतं’ असं विचारा. कागद आपसूक निघतात.

त्यातही एक मेख आहे. जुन्या पावतीवर सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबारावर गट नंबर. दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज बाजूला ठेवला जातो. एकत्रीकरणाचा उतारा काढा, त्यात कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते दिसतं. तो उतारा प्रत्येक प्रकरणाला जोडा. नवरा वारला असेल तर वारसांमध्ये बायकोचं नाव सगळ्यात वर लिहा. मुलांची नावं लागतात आणि आई राहून जाते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

तहसीलमधून कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही शुल्क नाही. अर्ज तुमच्या नावानं देऊ नका, ज्याची जमीन आहे त्याच्या नावानं द्या. लिहून तुम्ही द्या, टपाल शाखेत सही-शिक्का घ्यायला त्यालाच पाठवा. तहसीलच्या जिन्यावर पहिल्यांदा चढताना माणूस बिचकतो. पोच हातात घेऊन उतरताना तो वेगळा असतो, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन तोच जातो.

आणि लोकांना खरं सांगा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाबमधल्या एका प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या सरकारनं गायरानाबाबत कडक निर्णय काढला. त्यानंतर वाट अवघड झाली आहे. मात्र त्या निकालातच भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयानं दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून धरता येतात, असंही म्हटलेलं आहे. हा मुद्दा प्रत्येक अर्जात लिहा. १९९० च्या आधीचा ताबा आणि पुरावा असलेली प्रकरणं वेगळी काढा, ती लढता येतात. नंतरच्या ताब्याला १९९१ चा शासन निर्णय लागू नाही, हे त्या कुटुंबाला पहिल्याच बैठकीत सांगा. निवडणुकीच्या तोंडावर ‘सगळ्यांचा सातबारा करून देतो’ म्हणणारे येतात आणि घरटी पैसे गोळा करतात. तुमच्याकडून असा एकही शब्द जाता कामा नये.

यासोबत ऊसतोड. तुमचं निम्मं गाव सहा महिने गावात नसतं, हा तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा अडसर आहे आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला सापडणार नाही. ग्रामसभेच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला तुमची माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. कारखाना उशिरा बंद झाला तर १ मे ला नुकती परतलेली, अंगात ताप असलेली असतात. घरकुलाची यादी, लाभार्थी निवड, पुढच्या वर्षाचा आराखडा असे विषय नेमके त्या काळात मंजूर होतात. मजुरांचे सगळे विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत यायला हवेत, २ ऑक्टोबर ही शेवटची संधी. त्यासाठी विषय लेखी द्या, जुलैमध्येच द्या, आणि ग्रामसेवकाकडून पोच घ्या.

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. हजेरी भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. पुष्कळ गावांत सभा तहकूबच केली जाते आणि मग चार माणसांत ठराव होतात. हजेरीच्या वहीवर नंतर घरोघरी फिरून सह्या घेतल्या जातात. बायकांना सांगून ठेवा: विषय आणि ठराव लिहिल्याशिवाय कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. ती खरोखर भरवणं, हे एक काम तुमच्या गटातल्या दोन मुली पहिल्याच वर्षात करू शकतात. त्या सभेत दारूचा, पाण्याचा, संडासाचा विषय बायका स्वतःहून काढतात, तुम्हाला भाषण करावं लागत नाही.

टोळ्या निघायच्या आधी सप्टेंबरमध्ये दुसरी एक वही करा. कोणता कोयता (म्हणजे तोडणी करणारी जोडी), टोळी नेणारा मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, कोणासमोर घेतली, सोबत मुलं किती, गावात म्हातारं कोण राहणार. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं असतं. आपल्या गावात ते किती जणांना मिळालं, हे याच वहीवरून दिसेल. ही वही एरवी नुसती यादी आहे. पण फडात कोणी मेलं, कोणाला डांबून ठेवलं, बाई बाळंत होताना दगावली, तर त्या रात्री तुमच्याकडे माणसाचं नाव, गाडीचा ठिकाणा आणि मुकादमाचा नंबर असतो. उचल फिटली नाही म्हणून माणसाला किंवा त्याच्या लेकराला अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे, तहसीलदाराकडे करता येते. पोलीस ‘हा पैशाच्या देण्याघेण्याचा मामला आहे’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा अर्जात कायद्याचं नाव लिहा आणि ‘सोडत नाहीत, जाऊ देत नाहीत’ हे शब्द ठळक येऊ द्या.

बायकांच्या तब्येतीचा विषय तुमच्या गटातल्या मुलींनीच हाती घ्यावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्यामागे काय आहे ते तुम्ही घरातच पाहिलं असेल. पाळीत किंवा दुखण्यात एक दिवस बसलं की खाडा लागतो, उचलीतून पैसे कापले जातात. फडात पाणी नाही, आडोसा नाही. पोटात दुखलं की खासगी दवाखान्यात पिशवी काढायचा सल्ला मिळतो आणि त्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. तुम्ही एवढं तरी करा, की जाण्याआधी आणि आल्यावर उपकेंद्राची परिचारिका आणि आशाताई वस्तीवर बसतील, तपासणी होईल, आणि शस्त्रक्रिया सांगितलेल्या बाईला सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायला कोणीतरी सोबत नेईल. स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) सरकारी रुग्णालय अंबाजोगाईत आहे, लांब नाही. सोबत जाणारं माणूस नसतं म्हणून बाई जात नाही.

तुम्ही ‘हक्क की विकास’ असं विचारलं होतं. वरचं सगळं वाचून तुम्हीच सांगा, यातलं विकासाचं कोणतं आणि हक्काचं कोणतं? बंधारा बांधला पण त्याच्या खालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे बघितलं नाही, तर पाणी ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्याकडेच जातं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं देशाच्या किती तरी आधी, १९७७ मध्ये केला, तो दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या मजुरांमुळे. काम मागण्याचा लेखी अर्ज आणि त्याची तारखेसह पोच या दोन गोष्टी नसतील तर त्या कायद्यातून काहीही हाती लागत नाही. शिलाई मशीन वाटप, शेळीवाटप ही कामं वाईट नाहीत. पण सुरुवात वाटपापासून केली की लोक तुमच्याकडे रांग लावतात आणि एकमेकांकडे बघेनासे होतात. म्हणून पहिली दोन वर्षं वाटपाचं काम घेऊच नका, असं माझं मत आहे.

आता वैराचा प्रश्न. जमिनीला हात घातला की वैर येणार. ते टाळता येईल असं सांगणं म्हणजे तुम्हाला फसवणं होईल. पण त्याची तयारी करता येते.

तयारी म्हणजे आधी कायद्याची. वस्तीवर अत्याचार झाला तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे तुमच्या सहाही जणांना तोंडपाठ हवं. जखमी माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या आणि नोंद करा. फिर्याद फिर्यादीच्या शब्दांत लिहिली जाते का ते बघा. जातीवरून काय बोललं गेलं, कोणासमोर, कोणत्या जागी, हे त्यात आलंच पाहिजे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. ठाण्यात घेत नसतील तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालानं पाठवा. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, साठ दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं, आणि पहिलं अर्थसाह्य सात दिवसांत मिळायला हवं. या तीन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा आणि प्रत्येक चुकलेल्या मुदतीला लेखी विचारा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

मग दोन गोष्टी हमखास होतात. एक, क्रॉस केस. मार खाल्लेल्याच माणसांवर चोरीची, दरोड्याची, विनयभंगाची उलटी फिर्याद होते, म्हणजे दोन्हीकडे अटकेची भीती तयार होते आणि तडजोडीला माणसं येऊन बसतात. दुसरी, बोलणं बंद. किराणा मिळत नाही, गिरणीवर दळण घेत नाहीत, काळीपिवळीत बसवत नाहीत, कामाला कोणी बोलवत नाही. हातावरचं पोट असलेली वस्ती फार तर आठवडा काढते. अत्याचार कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदाही आहे. पण कायदा चालू व्हायला वेळ लागतो आणि पीठ आज लागतं. म्हणून शेजारच्या पाच-सात गावांतल्या वस्त्यांशी तुमचे संबंध आधीपासून हवेत. मानवी हक्क अभियानाची मोठी ताकद हीच होती. एका गावात घटना झाली की दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊन बसायची, वस्ती एकटी पडायची नाही. जमीन अधिकार आंदोलनानंही गायरानाच्या प्रश्नावर मराठवाडाभरची माणसं अशीच एकमेकांना जोडली. तुमचा गट तुमच्या एकाच गावापुरता राहिला तर पहिल्याच बहिष्कारात मोडेल.

आणि एक काम असं आहे ज्यात सगळ्या जातींच्या घरांतून तुम्हाला आत घेतलं जातं: एकल महिला. विधवा, टाकलेल्या, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या. ही बाई मराठ्याच्या घरात आहे, वंजाऱ्याच्या घरात आहे, तांड्यावर आहे, मोमीन गल्लीत आहे, बौद्धवाड्यात आहे. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर दिराचं नाव चढलं, बँकेचं कर्ज मात्र तिच्या माथ्यावर राहिलं, ही कहाणी सगळीकडे सारखी आहे. फेरफार, वारस नोंद, रेशन कार्ड वेगळं करणं, निराधार योजनेचा अर्ज, घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीवर, पती-पत्नी दोघांची नावं, ही बारीक कामं आहेत, पण त्यांतून तिचं आयुष्य बदलतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या काळात खुद्द शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या होत्या. मोठ्या घरांत हा विषय काढायला तो दाखला फार उपयोगी पडतो. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या वादानं आपल्या जिल्ह्यात गावंच्या गावं एकमेकांकडे पाठ फिरवून बसली आहेत. अशा गावांतही मी या बायकांना एका सतरंजीवर बसलेलं पाहते. त्या एकत्र बसलेल्या असल्या की गायरानाच्या प्रश्नावर मोठ्या वाड्यातून येणारा विरोध पूर्वीइतका एकजूट राहत नाही. निदान त्या घरातून एक आवाज तुमच्या बाजूनं निघतो.

पैसा. पहिल्या वर्षी तुम्हाला झेरॉक्स, स्टँप, एसटीचं भाडं आणि चहा इतकाच खर्च आहे. तो सभासदांच्या वर्गणीतून काढा. घरटी महिन्याला दहा-वीस रुपये घ्या, पावती द्या, आणि दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या माणसानं वीस रुपये दिले तो हिशेब विचारतो, आणि ज्याला हिशेब विचारता येतो त्याला ती संघटना आपली वाटते.

पुढे काम वाढलं, पूर्णवेळ माणूस लागला, तर नोंदणी करा. किमान सात सभासद लागतात. १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज. हा अर्ज न दिल्यामुळे चांगल्या संस्था वर्षानुवर्षं अडकून पडल्या आहेत. बाहेरच्या देणगीच्या भरवशावर राहू नका. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि मोठ्या संस्थेनं मिळालेली रक्कम लहान संस्थेला देणं बंद झालं. तालुक्याच्या पातळीवरच्या कितीतरी गटांचं काम त्या एका कलमानं थांबलं. कंपन्यांच्या दोन टक्के निधीतून शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, शिलाईवर्ग यांना पैसे मिळतात. गायरानाच्या केसला किंवा अत्याचाराच्या पाठपुराव्याला सहसा कोणी देत नाही. म्हणून हक्काचं काम वर्गणीवर ठेवा आणि निधी आलाच तर तो पाण्याच्या, शिक्षणाच्या कामाला लावा. दोन्हीचे हिशेब, वह्या आणि शक्य असेल तर माणसंही वेगळी ठेवा. निधी बंद पडला तरी केस चालू राहिली पाहिजे.

शेवटचं तुमच्या स्वतःबद्दल. तुमच्यापैकी एकानं लिहिलं आहे की घरचे म्हणतात, नोकरी बघ, हे पोट भरणारं काम नाही. घरच्यांचं म्हणणं खरं आहे, त्यांच्याशी भांडू नका. सहाही जणांनी सगळं सोडून यात उडी घेण्याची गरज नाही. दोघांनी वेळ द्यावा, चौघांनी कमवावं आणि त्या दोघांचा खर्च उचलावा, दर वर्षी जागा बदलाव्यात. कागदाचं काम शिकलेला मुलगा किंवा मुलगी आपले सरकार केंद्र चालवून, अर्ज भरून देऊन सरळ कमाई करू शकते. फक्त एक पथ्य पाळा. गायरानधारकाकडून, अत्याचारग्रस्ताकडून, एकल बाईकडून अर्ज लिहिण्याचा एक रुपयाही घेऊ नका. आणि गटातल्या मुलींना रात्रीच्या बैठकीनंतर घरी सोडायला कोण जाणार, हे बैठक ठरवतानाच ठरवा. मुली गळतात त्या बहुतेक वेळा याच कारणानं, आणि गावातल्या बायकांपर्यंत पोचायला तुमच्याकडे त्याच आहेत.

जुलै जवळ येतो आहे. गायरानाची वही सुरू करा, १५ ऑगस्टसाठी दोन विषय लेखी द्या: ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं आणि महिला सभा. वहीत पहिली वीस घरं झाली की ती घेऊन अंबाजोगाईला या. एकेका घराचे कागद आपण बसून बघू.